सपाट गालाची राणी

सराफाच्या काट्यावर सगळे झिजलेले चांदीचे रुपये सारखेच. राणीछाप असो नाहीतर राजाछाप, तो वजन करतो, तूट धरतो, कॅल्क्युलेटरवर बोटं नाचवतो आणि मोडीच्या वाटीकडे हात नेतो. नाणी जमवणाऱ्यांकडे न्यावं तर तिथेही तीच गत. एका गृहस्थांनी माझा रुपया चिमटीत धरला, भिंगसुद्धा न काढता परत केला आणि म्हणाले, "भाऊ, यात काही राहिलेलं नाही. चांदीच्या भावात देऊन मोकळे व्हा."

माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. ज्या रुपयात ‘काही राहिलेलं नाही’ त्यातच बघण्यासारखं जास्त असतं. कोऱ्या करकरीत रुपयाचं चरित्र एका ओळीत संपतं. टांकसाळीतून निघाला, कुणाच्या तरी थैलीत गेला आणि थैलीतच राहिला. बाजार त्याने पाहिलाच नाही. त्याला लोक हजारो रुपये मोजतात, प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून ठेवतात. ठेवोत बापडे. मला त्याच्याशी काय बोलावं तेच कळत नाही.

नाण्यांशी माझा संबंध छंदाचा कमी आणि पोटाचा जास्त. उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, त्यातली बरीचशी नाशिक डेपोच्या गाड्यांवर. त्र्यंबक, सटाणा, मालेगाव, येवला, वैजापूरमार्गे औरंगाबाद. रात्रीच्या गाडीत दिवे मिणमिणते, एका हाताने दांडी धरलेली, दुसरा हात चामडी बॅगेत. सुट्टे डोळ्यांनी नाही, अंगठ्याने मोजायचे. दहा पैशांचं ॲल्युमिनियमचं नाणं कंगोऱ्यावरून कळायचं, चार आणे आकारावरून, रुपया वजनावरून. पुढे स्टेनलेस स्टीलची नाणी आली आणि अंगठ्याची ही विद्या निम्मी वाया गेली, कारण स्टील झिजत नाही. बारा वर्षांपूर्वीचं नाणं आणि परवाचं नाणं हाताला एकच लागतं. चांदीचं तसं नाही. चांदी मऊ. तिला हात लागलेला लपत नाही.

घरात जे थोडे रुपये आहेत त्यातला एक आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आला. १८६२ चा, राणीछाप. डावीकडे तोंड करून बसलेली व्हिक्टोरिया, डोक्यावर मुकुट, अंगात भरजरी पोशाख. म्हणजे असायला हवा. माझ्या नाण्यावर राणीचा गाल पार सपाट झालाय. कानावरचे केस आणि गाल यांच्यामधली रेघ पुसून गेलीय. मुकुटावरची रत्नं वेगळी मोजता येत नाहीत, नुसती एक उंचवट्याची पट्टी बोटाला लागते. पोशाखावरची नक्षी छातीशी संपूर्ण गेलेली, पण खांद्याच्या खाली, जिथे कडा तिला आडोसा देते, तिथे दोन-तीन वेलबुट्ट्या अजून शाबूत आहेत. अक्षरंही तशीच. ‘व्हिक्टोरिया’ वाचता येतं, ‘क्वीन’मधली शेवटची दोन अक्षरं उजेडाकडे तिरकं धरल्याशिवाय दिसत नाहीत. आणि नाकाची बाह्यरेषा मात्र ठणठणीत. नाणं झिजतं ते उंच भागावर. नाक चेहऱ्याच्या कडेला, सखल जागी, म्हणून ते वाचलं. बाई ओळखू येते ती नाकावरून.

उलट्या बाजूला फुलांची चौकट, मध्ये ‘वन रुपी, इंडिया, १८६२’. हे साल बघून माणूस हुरळतो. पण थांबा. १८६२ नंतर सरकारने रुपयावरचं सालच बदललं नाही, जवळजवळ १८७४ पर्यंत सगळ्या रुपयांवर १८६२ च छापत राहिले. मुंबईच्या टांकसाळीने त्यावर आपला एक मार्ग काढला: उलट्या बाजूच्या नक्षीत बारीक टिंबं घालायची, आणि टिंबांवरून वर्ष ओळखायचं. जाणकार लोक भिंग घेऊन ती टिंबं मोजतात, त्यावर त्यांच्यात तासन्‌तास वाद चालतात. माझ्या रुपयावर टिंबं असलीच तर ती कधीच कुणाच्या तरी खिशात विरघळली. म्हणजे साल लख्ख दिसतंय आणि तरी जन्मवर्ष सांगता येत नाही. आमच्या गावाकडे शाळेत घालताना मास्तरांनी ज्यांची जन्मतारीख १ जून लावली, त्या पिढीला ह्यात नवल वाटायचं कारण नाही.

आता वजन. १८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया चालवला, १८० ग्रेनचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. हाच तोळा. रुपयाचं वजन म्हणजे तोळा, ऐंशी तोळ्यांचा शेर. म्हणून आमची आई शेवटपर्यंत ओवा, सुंठ, डिंक सगळं ‘रुपयाभार’ सांगायची आणि वाण्याकडेही तराजूत खरोखरच रुपया टाकत. राणीला मी एका ओळखीच्या सराफाकडच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. ११.३१. शेकड्याला तीन टक्के गेले. म्हणजे ज्या वाण्याच्या तराजूत ही राणी बसली असेल त्याने गिऱ्हाइकाला प्रत्येक रुपयाभारामागे तेवढा ओवा कमी दिला, आणि कुणालाही पाप लागलं नाही.

१९०६ च्या नाणे कायद्यात असं कलम होतं, की रुपया मूळ वजनापेक्षा शेकडा दोनहून जास्त घटलेला नसेल तरच तो कायदेशीर चलन. दोन टक्के घटवून येतात ११.४३ ग्रॅम. माझी राणी त्याच्या खाली. म्हणजे सरकारी खजिन्यात कुणी तिला नेलं असतं आणि तिथल्या बाबूने काट्यावर टाकलं असतं, तर तिचे तिथल्या तिथे दोन तुकडे होण्याची भीती होती. कायद्यात ‘कापणे किंवा मोडणे’ असंच म्हटलेलं होतं. ती तिथे गेली नाही. ती आमच्यासारख्यांच्यात फिरत राहिली, जिथे काटा कुणी काढत नाही, फार तर दगडावर आपटून वाजवून बघतात. आवाज खणखणीत आला की झालं.

साडेतीनशे मिलिग्रॅम चांदी. तापाची गोळी त्याहून जड असते. एवढी चांदी एकदम कुणी काढली नाही. कुणाच्या कनवटीला, कुणाच्या धोतराच्या सोग्यात, मुनीमजींच्या गादीवर, मजुराच्या घामट तळव्यात ती थोडी थोडी लागत गेली. हे कोण लोक होते, ते मला ठाऊक नाही. आजोबांकडे ती आली तेव्हाच झिजलेली होती असं वडील सांगत. आमच्या घराण्याने तिला झिजवलं अशी फुशारकी मला मारता येत नाही, कारण आमच्या घराण्यात रुपया एवढा फिरवण्याइतका कधी आलाच नाही.

सगळी झीज सारखी नसते, हे मात्र मी ठासून सांगीन. बाजारात झिजलेलं नाणं आणि देवघरात झिजलेलं नाणं एका नजरेत वेगळं काढता येतं. आमच्याच घरातला दुसरा रुपया बघा, पंचम जॉर्जचा, १९१८ चा. हा चलनात फार राहिला नसावा. तरीही राजाची दाढी गुळगुळीत झालीय. कारण आमची आजी आणि तिच्यानंतर आई. दरवर्षी धनत्रयोदशीला त्याची आंघोळ. चिंच, मीठ, वरून रांगोळीने खसाखसा. त्यामुळे तो सगळीकडून एकसारखा पांढरा आहे. अक्षरांच्या खाचेत काळेपणाचा टिपूस नाही, आणि भिंगातून पाहिलं तर एकाच दिशेने गेलेले असंख्य बारीक ओरखडे दिसतात, जणू आजीचा हात उजवीकडून डावीकडे फिरायचा हेही लिहून ठेवलंय. राणीवर ओरखडे नाहीत. तिचा गाल गुळगुळीत पण मंद, पिठूर करडा, आणि केसांच्या वेण्यांमध्ये, अक्षरांच्या मुळाशी जुनी काळिमा दाटून बसलेली. उंच भाग उजळ, सखल भाग काळे. म्हणूनच एवढी झिजूनही ती वाचता येते. त्या काळेपणाला घासून काढलं की चेहरा संपला.

तिसरी तऱ्हा दागिन्यांची. आत्याकडे पावल्यांची माळ होती. पावली म्हणजे चार आणे, चांदीची, पूर्ण वजनात जेमतेम २.९ ग्रॅम. माळेत ओवायची म्हणून प्रत्येकीच्या डोक्यावर डाख लावून कडी बसवलेली. यांची झीज एकाच अंगाने. छातीकडची बाजू, जी कपड्याला घासते, ती कोरी पाटी. बाहेरची बाजू बरी. शिवाय शेजारच्या पावलीच्या कडेने दोन्ही अंगांना अर्धचंद्रासारखे घळ पडलेले. माळ मोडली तेव्हा वाटणीत माझ्या वाट्याला एक पावली आली. कडी काढून टाकलीय, डाखाचा करडा ठिपका राहिलाय. जमवणारे याला ‘डॅमेज’ म्हणतात. असेना का. कुणाच्या तरी लग्नात एका बाईच्या गळ्यात ती वाजत होती.

चवली तर बघायलाच नको. दोन आण्यांचं चांदीचं नाणं, दीड ग्रॅमही नाही. १९१८ पासून दोन आणे निकेल-तांब्याचे झाले, तोवर ह्या इवल्याशा चकत्या सगळीकडे फिरल्या. रुपया गरिबाच्या हातात येई तेव्हा तो पुरून ठेवायचा माल. चवली मात्र रोजच्या वापराची. म्हणून ती सगळ्यांत जास्त झिजते. एका जुन्या बाजारात मी एक घेतली, तळहातावर ठेवली तर तिचं वजन जाणवत नाही. एका बाजूला राणीच्या डोक्याची नुसती सावली उरलीय. विकणारा म्हणाला, "अहो, ही कशाला घेता? तिकडे चांगल्या आहेत." चांगल्या मी घेतल्या नाहीत.

एक गोष्ट नोकरीतली. वैजापूरकडून येणारी संध्याकाळची गाडी, बाजाराचा दिवस, पाय ठेवायला जागा नाही. एका म्हातारीने कमरेच्या पिशवीतून नाणी काढून माझ्या हातावर ओतली. अंगठा फिरवला आणि एका नाण्याशी थांबला. ओळखीच्या रुपयापेक्षा मोठं, जड, कडेचे दाते बोथट, आणि अंगभर एक मऊपणा. खिडकीकडे धरून पाहिलं तर चार मिनार. निजामाचा हाली रुपया. वैजापूर त्या काळी निजामाच्या राज्यात आणि आमचं येवला इंग्रजांच्या, मधे नुसती हद्द. तिकडचा रुपया इकडे पूर्ण भावाने चालत नसे, कारण त्यात चांदीच कमी, शेकडा ८२ च्या आतबाहेर. पण मी सांगतोय तो काळ ऐंशीच्या दशकातला, हाली बंद होऊन तीसेक वर्षं झालेली.

"आजी, हा नाही चालायचा."

"का रं बाबा? बंदा रुपया हाय."

"चालणार नाही म्हणजे, ह्याची किंमत जास्त आहे. जपून ठेवा. हा चांदीचा आहे."

तिने नाणं डोळ्यांजवळ नेलं, मिनारांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "आरं द्येवा, ह्यो तर म्हशीचा हाय." शेजारची बाई हसली. मग कळलं ते असं: नवऱ्याने कधीकाळी म्हैस विकली होती, त्या पैशातला हा शेवटचा रुपया, मोडायचा नाही म्हणून वेगळा ठेवलेला, आणि घाईत पिशवी बदलली गेली. तिकिटाचे पैसे तिने दुसरे दिले, मोजून. उतरताना मला म्हणाली, "तू होता म्हून, न्हाईतर म्हस गेली असती." ह्या वाक्यावर आमचे ड्रायव्हर पुढचे कित्येक महिने हसत. गाडीला उशीर झाला की म्हणायचे, "मास्तर, म्हस गेली का?"

चारमिनारचा रुपया यंत्रावर पाडलेला, म्हणून निदान गोल आणि नीट. मराठेशाहीतले आपल्याकडचे रुपये मात्र हाताने पाडलेले. चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाताना गाडीतली अर्धी माणसं रेणुकामातेला हात जोडतात आणि अर्धी रंगमहाल दाखवतात, टांकसाळीचं नाव क्वचितच कुणी काढतं. तिथल्या नाण्यावर फार्सीत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असं लिहिलेलं, वर नाव दिल्लीच्या बादशहाचं, शाह आलमचं. पुण्याच्या बाजूचे अंकुशी रुपये, त्यावर हत्तीचा अंकुश. ह्या नाण्यांची गंमत अशी, की ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. हातोडा पडला की मजकुराचा जेवढा भाग चकतीवर बसेल तेवढा बसला, उरलेला हवेत. म्हणजे ही नाणी अर्धी पुसलेलीच जन्माला येत. त्यावर सराफांनी पारखताना मारलेले बारीक ठसे. कधी फूल, कधी चांदणी, कधी नुसती खाच. आत लोखंड-तांबं भरलेलं नाही ना, हे बघायला प्रत्येक नवा सराफ एक टोचा मारणार. एका गावचा रुपया दुसऱ्या गावात नेला की बट्टा, जुन्या सालचा असला की आणखी बट्टा. त्या काळच्या शेतकऱ्याला झिजलेल्या नाण्याविषयी काही जिव्हाळा वाटला असेल, असं मी म्हणणार नाही. त्याला त्याने नुकसानच होत होतं. जिव्हाळा ही चलनातून उतरलेल्या नाण्याची चैन आहे.

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आणि संग्रहालय आहे. रजेच्या दिवशी तिथे गेलो होतो. काचेमागची नाणी उत्तम, माहिती उत्तम, पण माझा जीव रमेना, कारण नाण्याला हात लावायचा नाही म्हणजे मला आंधळं केल्यासारखं. त्यांचंही बरोबरच, माझ्यासारखे दहा अंगठे रोज फिरले तर दहा वर्षांत तिथे सगळी चवलीच.

पुन्हा त्या १९१८ च्या राजाकडे. त्याला मी मघाशी थोडं कमी लेखलं, पण त्याच्या पोटात एक गोष्ट आहे. पहिलं महायुद्ध चाललेलं, चांदीचा भाव चढलेला, लोकांचा कागदावर विश्वास नाही. सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली, तरी लोकांना हवा तो बंदा चांदीचा. टांकसाळीत चांदी पुरेना. तेव्हा अमेरिकेने १९१८ साली पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले, पंचवीस कोटींहून जास्त, आणि ती चांदी इंग्रजांना भारतासाठी विकली. म्हणजे आमच्या आजीने रांगोळीने घासलेल्या राजाच्या दाढीत बहुधा कुणा अमेरिकन माणसाच्या खिशातला डॉलर आहे. तो डॉलरही वितळण्याआधी थोडाफार झिजला असेल. भट्टीत ती झीज पुसली गेली आणि नाणं कोरं होऊन पुन्हा सुरुवातीपासून झिजायला लागलं.

१९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची कथा सगळ्यांना ठाऊक असते, तरी सांगतो. राजाच्या झग्यावर पदकाचा छोटा हत्ती, पण त्याची सोंड अशी काही आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोभाटा झाला, बरेचसे रुपये वितळवले, पुढच्या वर्षी सोंड लांब केली. म्हणून १९११ च्या रुपयाला चांगला भाव. एका मित्राकडे तो आहे, पण इतका झिजलेला की झग्यावर हत्तीही नाही आणि डुक्करही नाही, नुसता एक उंचवटा. सरकारचा प्रश्न लोकांनीच घासून सोडवला, असं तो म्हणतो.

१९४० पासून रुपयात चांदी निम्मीच. शेकडा ५० चांदी, बाकी तांबं, निकेल, जस्त. आणि १९४१ पासून टप्प्याटप्प्याने जुने भर चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले, आधी राणी, मग एडवर्ड, मग जॉर्ज. शहाण्यांनी ते बँकेत नेऊन भरले. आमच्या आजोबांसारख्यांनी नेले नाहीत. गाडग्यात गेले, भिंतीत गेले, चुलीखाली गेले. भिंत पाडताना आजही कुठे कुठे निघतात. १८७८ चा एक निखात निधी कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर सरकारला कळवायचं. दहा रुपये! १८७८ साली दहा रुपये म्हणजे दहा राण्या. आता एका राणीची मोडही दहा रुपयांच्या कितीतरी पुढे जाते.

निम्म्या चांदीचे षष्ठम जॉर्जचे रुपयेही झिजतात, पण त्यांची झीज मला आवडत नाही. पिवळट तांबूस पडतात, आजारी दिसतात, आणि वाजवले तर आवाज पटकन विझतो. ह्याला काही शास्त्र नाही, माझी आवड आहे. त्यांचाही दोष नाही, युद्धातली पोरं.

अमेरिकेत म्हणे ह्याच वेडाचे लोक आहेत. नाण्याची प्रत ठरवायचा तिकडे एक ते सत्तर असा तक्ता असतो. सगळे जण सत्तरच्या मागे, आणि ही मंडळी मुद्दाम ‘एक’ शोधतात. एक म्हणजे काय, तर नाणं कुठलं आणि कधीचं एवढंच कसंबसं कळावं, बाकी सगळं गेलेलं. ‘लोबॉल’ म्हणतात त्याला. तिथेही आता त्याच्या स्पर्धा, याद्या, सीलबंद डब्या. झालं, म्हणजे सगळ्यांत झिजलेल्या नाण्यालाही डबीत कोंडायचं. आणि किंमत वाढली की मग कुणी तरी कपड्याने घासून ‘एक’ तयार करणारही. आपल्याकडे हातचलाखीला तोटा नाही. जुन्या बाजारात ओतीव खोटे रुपये ढिगाने मिळतात, चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले. त्यांची ओळख हीच, की सगळीकडून सारखेच मळलेले असतात. खरा रुपया जिथे बोट लागलं तिथे उजळतो आणि जिथे लागलं नाही तिथे काळा राहतो. खोट्याला हे सोंग साधत नाही, निदान मी पाहिलेल्यांना तरी साधलेलं नाही.

घरात ह्यावरून दरवर्षी दिवाळीत खटका उडतो. सूनबाई कामाला वाघ, तांब्याची भांडी, समया, निरांजनं सगळं आरशासारखं करते आणि मग तिची नजर राणीवर जाते.

"बाबा, लक्ष्मीपूजनाला काळा रुपया ठेवायचा? शेजारी काय म्हणतील?"

"शेजाऱ्यांना राजा दाखव. राणीला हात लावायचा नाही."

"निदान टूथपेस्टने?"

टूथपेस्टचं नाव काढलं की मी उठून बसतो. शेवटी आमची तडजोड ठरलीय. राजाला काय हवं ते करा, चिंच, रांगोळी, पितांबरी, त्याला सवय आहे. राणी नुसत्या कोमट पाण्यातून काढायची, सुती फडक्याने टिपायची, घासायचं नाही, आणि ताटात राजाच्या मागे ठेवायची. पूजा झाली की जाड कागदाच्या पुडीत. प्लॅस्टिकच्या मऊ पिशवीत नाही, त्याने चांदीवर हिरवट चिकटा येतो.

यंदा चांदी एवढी चढली तेव्हा मुलाने विषय काढला, की हे पडून राहण्यापेक्षा मोडून टाकू. मी म्हटलं, षष्ठम जॉर्जचे चार आहेत ते घेऊन जा, खुशाल मोड. तो सराफाकडे गेला आणि तासाभराने परत आला. सराफ म्हणाला होता, ह्यात चांदी निम्मीच आहे, राणीछाप असेल तर आणा.